कठड्यावरचे उजवे हात

आमच्या इमारतीच्या जिन्याला लाकडी कठडा आहे, हे सेक्रेटरी होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे हात त्यावर रोज पडत होता. पण हाताला माहीत असलेल्या सगळ्याच गोष्टी आपल्या कानावर येतात असं नाही. सेक्रेटरी मी कसा झालो ते एका वाक्यात सांगता येईल. वार्षिक सभेत नाव पुकारलं त्याच क्षणी मला शिंक आली आणि अध्यक्षांनी ती संमती समजली.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त परीक्षा नियंत्रक. पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. उंच, ताठ, हात कायम पाठीमागे बांधलेले. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपल्या बाहीत चिठ्ठी असल्यासारखं वाटतं. मी मीटर तपासणी खात्यात हेडक्लार्क आहे, माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत, पण अध्यक्षांनी नुसतं "हं?" म्हटलं की मला माझा बैठक क्रमांक आठवेनासा होतो.

तर दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या तळहातात कठड्याचं कुसळ गेलं. मावशी माझ्या कोणी नव्हेत. त्या अख्ख्या इमारतीच्या मावशी आहेत. त्यांनी ते कुसळ काढून काड्यापेटीत ठेवलं आणि मासिक सभेत पुरावा म्हणून सगळ्यांपुढून फिरवलं. कठड्याला पॉलिश करायचं, एवढं पाच मिनिटांत ठरलं. कोणतं करायचं, यावर तीन सभा झाल्या. तळमजल्यावर दुकान असलेले शिंपीदादा म्हणाले, जवसाचं तेल लावा, लाकडाला तेलच मानवतं. मावशी म्हणाल्या, तेलानं माझ्या साड्या खराब होतील, मेण लावा. कुणी वॉर्निश म्हणालं, कुणी ते नवं काचेसारखं पीयू कोटिंग म्हणालं. अध्यक्ष म्हणाले, "चाळीस वर्षं तसाच आहे. राहू द्या तसाच."

आणि इथं मी बोलून गेलो. म्हटलं, जिन्याचे टप्पे पाच आहेत. पाच टप्प्यांवर पाच प्रकार लावू. लाकूड एकच, जिना एकच, महिनाभर वापरून बघू आणि मग मतदान घेऊ.

सभा गप्प झाली. माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्यानं सभा गप्प व्हायची ती पहिलीच वेळ. मी मनातल्या मनात कॉलर ताठ करतोय तोच अध्यक्ष म्हणाले, "ठीक. दर रविवारी सेक्रेटरींनी पाहणी करून लेखी नोंद ठेवावी."

माझे महिन्याचे चार रविवार तिथंच गेले.

पॉलिशवाला आला तो बारीकसा, वय सांगता येणार नाही असा, नखांपासून मनगटापर्यंत लाखेनं तपकिरी झालेला. आठवडाभर त्यानं काचपेपरनं कठडा घासला. जुना रंग, तेलकटपणा, मळ, सगळं निघालं आणि खालून फिकं, उघडं लाकूड वर आलं. ते बघून तो जरा वेळ नुसताच उभा राहिला. मग तळमजल्यापासून गच्चीपर्यंत कठड्यावर हात फिरवत गेला आणि परत आला.

"साहेब, हे एकाच झाडाचं आहे."

"मग चांगलंय की."

"चांगलंच आहे. पण रेषा बघा. खाली बुंधा आहे, वर शेंडा. वर जावं तशा गाठी वाढतात, तिथं फांद्या होत्या. ज्यानं हा बसवला त्यानं तुकडे मिसळले नाहीत. झाड जसं उभं होतं तसंच जिन्यात उभं ठेवलंय."

त्यानंतर मी जिन्यावरून उतरताना, का कोण जाणे, कठड्याला हात लावायच्या आधी घसा खाकरायला लागलो.

पाच टप्पे तयार झाले तेव्हा मात्र मी थक्क झालो. एकाच लाकडाची एवढी सोंगं असतात हे मला ठाऊकच नव्हतं. तळमजला ते पहिला, जवसाचं तेल: लाकूड गडद झालं, कायम ओलं असल्यासारखं, आणि रेषा अशा खोल दिसायला लागल्या की त्यात बोट बुडेल असं वाटावं. पहिला ते दुसरा, मेण: तोच रंग, पण झोप लागल्यासारखा शांत, हात लावला तर लाकूड आपल्यापेक्षा जरा कोमट आहे असा भास व्हायचा. दुसरा ते तिसरा, वॉर्निश: पिवळसर, चमकदार, सरकारी. चौथा ते गच्ची, पीयू: जणू लाकडावर काच घातलीय, सगळं दिसतं, पण हात लाकडाला लागतच नाही. आणि तिसरा ते चौथा, म्हणजे नेमका माझ्या दारासमोरून वर जाणारा टप्पा, चपडा लाखेचं पॉलिश. स्पिरिटात विरघळवलेली लाख त्यानं कापडाच्या बोळ्यानं चाळीस-पन्नास हात देऊन चढवली होती. त्या टप्प्यातलं लाकूड पेटल्यासारखं दिसायचं. आपण दोन पायऱ्या चढलो की उजेड लाकडाच्या आतून आपल्याबरोबर दोन पायऱ्या सरकायचा. थांबलो की थांबायचा.

माझी बायको म्हणाली, "हे काही मला आवडलं नाही. आपल्याकडे बघतंय."

"लाकूड आहे ते," मी म्हणालो.

"म्हणूनच," ती म्हणाली.

पॉलिशवाल्यानं जाताना एकच ताकीद दिली. "चपड्याला ओला हात लागू देऊ नका. ओल लागली की पांढरा डाग पडतो. नवं असताना तर फारच जपायला लागतं."

मी हसलो. त्या टप्प्यावर कुणी जात नाही म्हणूनच तर ते नाजूक पॉलिश मी तिथं लावून घेतलं होतं. चौथ्या मजल्यावर दोन घरं. एकाचे मालक मुलीकडे परदेशी गेलेले, कुलूपसुद्धा गंजलंय. दुसरं घर न्यायालयाच्या हुकमानं बंद. दारावर सुतळी, सुतळीवर लाल लाखेची मोहोर. गच्चीची एकुलती एक किल्ली माझ्या खुंटीला. वर जायला कुणाला काही कारणच नव्हतं.

पहिल्या रविवारी मी हातात वही घेऊन निघालो. वहीत मी रकाने आखले होते: चमक, रंग, स्पर्श, डाग. तेलाच्या टप्प्यावर हाताच्या वावरानं लाकूड आणखी काळवंडलं होतं. मेणावर सगळ्या इमारतीची बोटं एकमेकांत मिसळली होती. वॉर्निश अजून चिकट होतं आणि त्याला शिंपीदादांचा एक निळा धागा चिकटला होता. मी सगळं टिपलं. मग माझ्या दारावरून वर चढलो, वळणापाशी पोचलो आणि थांबलो.

शेवटच्या वळणावर, चौथ्या मजल्याच्या पाच पायऱ्या अलीकडे, त्या पेटत्या लाकडावर तीन पांढरे पंजे होते. पाचही बोटं स्पष्ट. शेजारी शेजारी, हजेरीपटावर सह्या कराव्यात तसे.

मी "डाग" या रकान्यात "आहेत" असं लिहिलं आणि खाली आलो. खाली येताना कठड्याला हात लावला नाही.

दुसऱ्या रविवारी सात होते, तिसऱ्या रविवारी अकरा.

तोपर्यंत बातमी फुटली होती, कारण मी ती कुणाला सांगायची नाही असं बायकोला बजावलं होतं. शिंपीदादा गळ्यातली टेप घेऊन वर आले. त्यांनी प्रत्येक पंजा मापला, गुडघ्यावर बसून बाजूनं बघितला, आणि गिऱ्हाइकाला छातीचा घेर सांगावा तशा आवाजात म्हणाले, "सगळे उजवे. पंजा आठ इंच. करंगळी जरा आत वळलेली. एकाच माणसाचे आहेत. बोटं वरच्या दिशेला, म्हणजे चढताना धरलंय. अंगठा खोल रुतलाय, दाबून धरलंय."

"आणि उतरताना?" मावशींनी दोन पायऱ्या खालून विचारलं. त्याच्या वर यायला त्या तयार नव्हत्या.

कठडा चढताना उजव्या हाताला येतो. उतरताना डाव्या. म्हणजे उतरणाऱ्याचा डावा पंजा कुठंतरी उमटायला हवा. आम्ही शोधला. वरपासून खालपर्यंत बॅटरी मारून शोधला. एकही नव्हता.

"चला, एकच माणूस आहे म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही," मी सेक्रेटरीच्या आवाजात म्हणालो.

"अरे, अकरा जण वर गेले असते तर एक वेळ समजलं असतं," मावशी म्हणाल्या. "एकच माणूस अकरा वेळा वर गेलाय आणि एकदाही खाली आलेला नाही, हे तुला बरं वाटतं?"

घरी आल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब मांडून बघितला. कसाही मांडला तरी तो बसेना.

मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी खिडकीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून सगळं ऐकून घेतलं. "हवा दमट आहे," ते म्हणाले. "तशी नोंद करा आणि विषय बंद करा."

"पण बोटं आहेत, सर. पाच."

"हवेला किती असावीत असं तुमचं मत आहे?"

मी बाहेर आलो. कुठल्या परीक्षेत नापास झालो ते मला कळलं नाही, पण नापास झालो होतो एवढं नक्की.

झाडूवालीनं तिसऱ्या मजल्याच्या वर झाडायचं बंद केलं. मावशींनी घोषणा केली की मतदान उद्याच घ्या, आणि ज्याच्यावर काही म्हणजे काही उमटत नाही ते काचेसारखं सगळीकडे थापा. मी पॉलिशवाल्याला बोलावून आणलं. त्यानं डागावर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"पाणी नाही हे, साहेब. पाण्याचा डाग पसरतो. हा घाम आहे."

"घामानं एवढं होतं?"

"नुसता हात लागून नाही होत. धरून उभं राहावं लागतं. बराच वेळ." त्यानं वरच्या बंद दाराकडे एकदा बघितलं. "घाबरलेल्या माणसाचा हात आहे."

मग त्यानं स्पिरिटाचा बोळा फिरवला आणि एकेक पंजा आमच्या डोळ्यांदेखत लाकडात विरून गेला. कठडा पुन्हा लखलखीत झाला. मी मोठ्या मनानं त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर वळणावर एक नवा पंजा होता. एकटाच.

आता प्रश्न माझ्या अब्रूचा होता. खात्यात मी बंद पडलेले मीटर पकडण्यात नाव कमावलेला माणूस. मी तीन दिवसांची रजा टाकली. रजेचं कारण "घरगुती कठडा" असं लिहिलं. साहेबांनी ते "घरगुती कटकट" असं वाचून सहानुभूतीनं मंजूर केलं. आणि मी माझ्याच घराच्या बंद दाराआड स्टूल टाकून, दाराच्या भोकाला डोळा लावून बसलो.

भोकातून बघत बसणं हे काम बाहेरून सोपं वाटतं. मान आखडते. डोळ्यातून पाणी येतं. जग वाटोळं दिसायला लागतं आणि वाटोळ्या जगात काहीही घडत नाही. पहिल्या दिवशी मावशी आल्या, सरळ भोकापाशी डोळा आणून बाहेरून आत बघायला लागल्या, आणि आम्ही दोघं एकदमच किंचाळलो. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, निदान जेवायला तरी डोळा काढा." मी उभ्यानं जेवलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास, सगळी इमारत वामकुक्षी करत असताना, जिन्यावर कुणीतरी आलं. पावलांचा आवाज नव्हता. फक्त श्वास ऐकू येत होता. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा.

भोकाच्या वाटोळ्या जगात आधी एक उजवा हात आला, कठडा धरून. मग एक उंच, ताठ माणूस. अनवाणी. डाव्या हातात चपला.

अध्यक्ष.

माझ्या दारासमोर ते क्षणभर थबकले. ते वर गेले.

खरं तर मी तेव्हा आत बसून राहायला हवं होतं. माणसाचं कोडं सुटलं, खाली न येणाऱ्या हाताचंही सुटलं: उतरताना कठडा डाव्या बाजूला, आणि डाव्या हातात चपला. वहीत एक ओळ लिहिली की झालं. पण तेवढ्यात वरून आवाज आला. टक, टक, टक. दार वाजवल्याचा.

त्या मजल्यावर वाजवण्यासारखं एकही दार नव्हतं.

मी दार उघडून वर गेलो. अध्यक्ष सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते, मोहोर लावलेल्या दाराकडे तोंड करून. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "रजा कशाची टाकलीत?"

"कठड्याची," मी म्हणालो.

"हं." मग पायरीवर जरा सरकून त्यांनी मला जागा करून दिली. परीक्षा नियंत्रकाशेजारी बसायची माझी पहिलीच वेळ. मी पायरीच्या टोकावर टेकलो.

"हे घर माझ्या दादाचं," ते म्हणाले. "तुम्ही राहायला यायच्या आधीची गोष्ट आहे. वडिलांनी दोघांना मिळून ठेवलं होतं. राहायचा तो. मला खालचं होतं, पण मला यातलं अर्धं हवं होतं. दावा मी लावला. त्याला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा हुकूम झाला आणि दाराला मोहोर लागली. आठ दिवसांनी तो दवाखान्यातून घरी आला. चार जिने चढून आला. आणि इथं," त्यांनी पायरीवर हात ठेवला, "इथं बसला. संध्याकाळपर्यंत. मला खाली कळलं होतं. मी वर आलो नाही."

"मग?"

"मग तो उठून गेला. मामेभावाकडे. तिथंच वारला महिन्याभरात. घरात त्याला जाता आलं नाही."

सेक्रेटरी म्हणून काही म्हणावं की शेजारी म्हणून, हे मला कळेना. मी म्हणालो, "म्हणून तुम्ही येता."

"दावा मागे घेतो म्हणून सांगायला येतो. दार वाजवतो, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. चढताना हाताला घाम सुटतो, वळणापाशी तर पाऊलच उचलत नाही. तुम्ही ती लाख लावेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. मलाही कळलं नव्हतं की एवढा सुटतो."

"आणि उतरताना चपला डाव्या हातात असतात," मी माझा शोध पुढे केला.

"चपला उजव्या हातातही घेता येतात, सेक्रेटरी. उतरताना हात कोरडा असतो. उतरताना कसली भीती?"

बंद घराच्या दारासमोर बसलं की कान आपोआप आतल्या दिशेला वळतात. मी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "आणि दार वाजवून काय उपयोग, सर? आत कोण आहे?"

अध्यक्षांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत परीक्षा नव्हती. एखाद्या मुलानं बाकावरून उठून बाहेर जायची परवानगी मागावी तसं काहीतरी होतं.

"पहिली दोन वर्षं काही नव्हतं," ते म्हणाले. "आता आतूनही वाजतं."

मी त्या पायरीवरून केव्हा उठलो आणि माझ्या घरात कसा पोचलो, ते मला आठवत नाही. बायको म्हणते मी दार लावून कडी घातली, साखळी लावली आणि दाराला स्टूल लावून त्याच्यावर बसलो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सर, दावा मागे घ्यायचा तर अर्ज करू. तोंडानं होत नसेल तर लेखी. अर्ज मला चांगले लिहिता येतात." त्यांनी पेन दिलं.

दावा लावायला अध्यक्षांना एक दिवस लागला होता. मागे घ्यायला आम्हाला सात आठवडे लागले. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं, "प्रतिवादीची हरकत आहे का?"

"प्रतिवादी वारले."

"वारले असले तरी नोटीस लागते. शेवटचा पत्ता?"

"तेच घर. मोहोर लावलेलं."

"मग तिथं डकवा. पंधरा दिवसांची मुदत. हरकत असेल तर त्यांनी त्या मुदतीत कळवायची."

तेव्हा मी स्वतःच्या हातानं, खळ लावून, त्या दारावर नोटीस डकवली. 'घरात राहणाऱ्या इसमास कळविण्यात येते की' अशी तिची सुरुवात होती. डकवून झाल्यावर मी चारही कोपरे अंगठ्यानं दाबले आणि मागे न बघता उतरलो. ते पंधरा दिवस तिसऱ्या मजल्यावर राहणं म्हणजे काय होतं, हे फक्त आम्हा नवरा-बायकोला माहीत. दोघंही दिवसभर रेडिओ मोठ्यानं लावून बसायचो आणि एकमेकांना सांगायचो, गाणी किती छान आहेत.

मुदत संपल्यावर पुन्हा त्या खिडकीत गेलो. बाईंनी विचारलं, "काही उत्तर आलं?"

मी अध्यक्षांकडे बघितलं.

"लेखी नाही," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला.

मध्यंतरी मतदान झालं. ज्यावर काही उमटत नाही ते पीयू भरघोस मतांनी निवडून आलं. फक्त तिसरा ते चौथा टप्पा लाखेचाच राहील, असा निर्णय अध्यक्षांनी आपल्या अधिकारात दिला. कारण कुणी विचारलं नाही. माझ्या चार रविवारांची ती वही कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही, याचं मला जरा वाईट वाटलं. रकाने चांगले आखले होते.

दार उघडायला सकाळी अकराला न्यायालयाचा कारकून आला. बगलेत फाइल, दुसऱ्या हातात छोटी कात्री. पंच म्हणून मी आणि शिंपीदादा. मावशी मधल्या वळणावर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, मी इथूनच बघते, मला इथून चांगलं दिसतं. अध्यक्ष सगळ्यात शेवटी चढून आले. आज त्यांच्या पायात चपला होत्या.

कारकुनानं मोहोर तपासली. "अखंड आहे," असं त्यानं मोठ्यानं म्हटलं आणि लिहिलं. मग सुतळी कापली, कुलपात किल्ली घातली. किल्ली सहज फिरली. इतक्या वर्षांच्या कुलपात ती अडायला हवी होती, असं मला वाटलं. पण पंचनाम्यात वाटण्याला रकाना नसतो.

दार आत ढकललं. धूळ होती, जळमटं होती, खुर्चीवर टॉवेल वाळत घातलेला होता तो कडक झाला होता. सगळं जिथल्या तिथं. खिडक्या आतून बंद. जमिनीवर धुळीचा एकसारखा थर; त्यावर उंदराचंसुद्धा पाऊल नव्हतं. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला आणि कारकुनामागून आम्ही सगळे आत शिरलो.

"ठीक आहे," कारकून म्हणाला. "आता दाराची स्थिती." आणि लिहायला आधार हवा म्हणून त्यानं दार अर्धं लोटून घेतलं. दाराची आतली बाजू आमच्यासमोर आली.

बाहेरून त्या दाराला रंग होता. आतून मात्र जुनं चपड्याचं पॉलिश होतं, जपलेलं, कठड्यासारखंच पेटतं. आणि त्यावर, खांद्याच्या उंचीला, पांढरे पंजे होते. एकाशेजारी एक. एकावर एक. कडीपासून बिजागरीपर्यंत. दार वाजवणाऱ्याला आतून हात टेकून उभं राहून ऐकावं, तसे.

शिंपीदादांचा हात सवयीनं टेपेकडे गेला आणि तिथंच राहिला. "हे सगळे डावे आहेत," ते अगदी हळू म्हणाले.

"दादा डावखुरा होता," अध्यक्ष म्हणाले.

"किती आहेत रे?" मावशींनी खालून विचारलं.

"मोजू नका," अध्यक्ष म्हणाले.

ते पुढे झाले. धुळीत त्यांच्या चपलांचे ठसे दारापर्यंत उमटत गेले. त्यांनी आपला उजवा हात उचलून त्यातल्या एका पंजावर ठेवला. मधल्या तीन बोटांवर तीन बोटं बसली. फक्त आत वळलेली करंगळी त्या पंजाच्या अंगठ्याकडे आली. तसेच ते उभे राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यांचे ओठ हलत होते. शब्द ऐकू आले नाहीत, पण ते माझ्या अर्जातले नव्हते एवढं मला कळलं. मग त्यांनी हात काढला, उलटा करून बघितला. कोरडा होता.

कारकून फाइलवर पेन टेकवून थांबला होता. रकाना रिकामा ठेवायची त्याला परवानगी नव्हती. "साहेब," तो म्हणाला, "काय लिहू मी? दमट लिहू?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले. तीस वर्षं निकाल जाहीर करणाऱ्या माणसाचा तो स्वच्छ, शांत आवाज होता. "लिहा: दार आतून वापरात आहे."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं. मी शिंपीदादांकडे बघितलं. शिंपीदादा खाली बघत होते.

कारकुनानं लिहिलं, फाइल माझ्यापुढे धरली, आणि पंच क्रमांक एक म्हणून मी सही केली.